अकरा दिवसांचं पाणी

देवराव तायड्यांच्या बैठकीत भिंतीवर तीन चौकटी होत्या. एक तथागतांची, एक बाबासाहेबांची, आणि त्या दोन्हींच्या बऱ्याच खाली, दाराशेजारी, खुद्द देवरावांच्या प्रमाणपत्राची. पहिल्या दोन मैनाबाई पुसायच्या, तिसरी देवराव स्वतः. आणि पुसायचे म्हणजे काय, दुपट्ट्याचं टोक ओलं करून अक्षर न् अक्षर! 'पर्जन्यमापक वाचनाचे काम सलग एकतीस वर्षे एकही दिवस खाडा न करता केल्याबद्दल,' असं त्यावर छापलेलं. खाली साहेबाची सही अन् गोल शिक्का. घरी कोणी आलं की देवराव त्याला पाणी देण्याआधी ते वाचायला लावत. मैनाबाई कपाळावर हात मारून घेत.

आता तुम्ही म्हणाल, पावसाचा डबा वाचण्यात एवढी काय मर्दुमकी? तर आधी गाव समजून घ्या. भातकुलीपासून पूर्णेकडे निघालं की आसरखेड लागतं. जमीन काळीभोर, पुरुषभर खोल, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की माणूस थुंकून टाकतो. त्यानं साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि पिकाला दिलं तर वावराची मातीच घट्ट बसते. म्हणून या पट्ट्यात जे काही पिकतं ते वरून येणाऱ्या पाण्यावर. अशा गावातल्या सरकारी फार्मवर कुंपणाच्या आत एक डबा बसवलेला होता. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठ वाजता जायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, रेघेला डोळा लावून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि पाणी फेकून द्यायचं. ताप असो, लग्न असो, गावात मयत असो. एकतीस वर्षं. हिशेब केला तर अकरा हजारांच्या वर सकाळी होतात. आहे कोणाची बिशाद?

शिवाय देवरावांनी एक शहाणपणा केला होता. कचेरीत द्यायच्या वहीशिवाय रोजचा आकडा ते घरच्या एका लांबट वहीतही उतरवून ठेवत. कचेरीतले कागद पुढे वाळवीनं खाल्ले. देवरावांच्या एकतीस वह्या मात्र धान्याच्या कोठीवर कडुनिंबाच्या पाल्यात शाबूत राहिल्या.

त्या वह्यांच्या मागावरच प्रणाली आली होती. अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णेपलीकडच्या गल्लीतली पोरगी. अंगानं काडी, पण जिभेला धार. अकोल्यातच हवामान आणि पिकं यांवर संशोधन करत होती. पहिल्यांदा आली ती मे महिन्यात, भर उन्हात दोन बसगाड्या बदलून. वह्या पाहिल्या आणि मटकन खाली बसली. "काकाजी, दोन वर्षांपासून मी हेच शोधून राहिली होती ना," म्हणाली, आणि वाकून पायाच पडायला निघाली.

"पाया नको पडू माय," देवरावांनी तिला थांबवलं. "जय भीम म्हन, मले पोचलं."

त्या दिवशी तिनं त्यांना मॉडेल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कंप्युटरमध्ये एक वावर तयार करायचं. त्याला इथली माती द्यायची, इथलं ऊन द्यायचं, इथला पाऊस द्यायचा आणि त्यात मूग, कापूस, हरभरा पेरून पाहायचा. आधी मागची वर्षं त्यात चालवायची. मागच्या वर्षांचं पीक खरं निघालं, तर मग पुढची तीस वर्षं विचारायची. पाऊस असाच लहरी झाला, ऊन असंच चढत गेलं, तर आसरखेडनं काय पेरावं, कधी पेरावं, शेततळं किती खोल खोदावं.

"म्हनजे कंप्युटरात वावर पेरतं तू?" देवरावांनी विचारलं.

"हो. अन् तुमच्या पावसानं भिजवते."

देवरावांना हे इतकं आवडलं की पुढचे सहा महिने गावात ज्याला त्याला ते तेच ऐकवत होते. माया पावसानं अकोल्याच्या कंप्युटरात मूग उगवून राह्यला, बाप्पा! लोक हसत. पण देवरावांचं खरंच मन भरून येई. निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही. आणि इथे एक शिकलेली पोरगी त्यांच्या अक्षरातला आकडा बोटानं जपून वाचत होती. तिचे आभार कसे मानावे हे त्यांना कळत नसे, म्हणून प्रत्येक खेपेला तिच्या पिशवीत ते मूठभर शेंगा, नाहीतर चार लिंबं कोंबत.

दिवाळीनंतर प्रणाली तिसऱ्यांदा आली. हरभरा वीतभर वर आला होता, तूर फुलावर होती. पण पोरीचा चेहरा उतरलेला. चहासुद्धा तिनं कपात तसाच ठेवला. मैनाबाईंनी हे लगेच टिपलं.

"काकाजी, एक विचारायचं होतं," म्हणत तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक गावच्या जुन्या पीकनोंदींची, दुसरी मॉडेलची. दोन्ही रेघा हातात हात घालून चालल्यासारख्या जात होत्या, आणि मध्येच एका जागी मॉडेलची रेघ धाडकन खड्ड्यात गेली होती.

"हे दोन हजार तीन साल. मॉडेल म्हणते, ऑगस्टमध्ये अतोनात पाऊस झाला, मूग सडला, कापूस पिवळा पडला. अन् गावची नोंद म्हणते, त्या साली मूग झकास झाला होता. पंधरा दिवस मी मॉडेलमध्येच चूक शोधली. नाही सापडली. मग वही पाहिली."

तिनं त्या पानाचा फोटो समोर धरला. अक्षर देवरावांचंच. आठ, आठ, आठ, पंचवीस, पंचवीस, छत्तीस, छत्तीस, छत्तीस, पंचावन्न, पंचावन्न, साठ. अकरा दिवसांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये.

"पाऊस असा पडत नाही, काकाजी. तीन-तीन दिवस मापून सारखाच? अन् बेरीज होते तीनशे बावन्न. अकरा दिवसांत!" ती थांबली. पुढचं बोलणं तिला जड जात होतं. "आमचे सर म्हणतात, हे घरी बसून लिहिलेले आकडे आहेत. अन् एका साली घरी बसून लिहिलं, तर बाकी तीस सालांवर भरवसा काय ठेवायचा? सोमवारपर्यंत कारण नाही सापडलं तर तुमच्या सगळ्या वह्या बाद करायच्या म्हणतात. मग मला अमरावतीचा पाऊस घ्यावा लागेल."

"अमरावतीचा?" देवराव ताठ झाले. "तठचा पाऊस वेगळा, पानी वेगळं, जमीन वेगळी. त्यांच्या पावसावर आमची पेरनी सांगशीन?"

"तेच तर म्हणते मी! तुम्हाला काही आठवते का त्या दिवसांचं?"

देवरावांनी भिंतीकडे पाहिलं. तिसऱ्या चौकटीकडे. एकही दिवस खाडा न करता.

"नाई," ते म्हणाले. "काही आठवत नाई."

प्रणालीनं मान हलवली. तिला मातीचे नमुने घ्यायचे होते, चारची बस होती. तीनला परत येते म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

आठवत नाही म्हणे! अहो, त्या अकरा दिवसांतला एकेक तास देवरावांना पाठ होता.

त्या ऑगस्टमध्ये मैनाबाईंना सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. आधीची दोन बाळं गेलेली. जीप दारात उभी, मैनाबाई आत विव्हळताहेत, अमरावती गाठायची, आणि देवरावांचा जीव अर्धा तिथे, अर्धा डब्याजवळ. कारण तेव्हा ते रोजंदारीवर होते. कायम करण्याचा कागद साहेबाच्या टेबलावर पोचला होता. एक दिवसाचा खाडा पडला असता तरी नाव कटलं असतं. जीप वाटेत फार्मपाशी थांबवली, तेव्हा पलीकडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता वामनराव काळमेघ. त्याचं वावर फार्मच्या कुंपणाला लागून. चौथीपर्यंत दोघे एका शाळेत. रोज सकाळी देवराव डबा वाचून कुंपणाजवळ येत, 'जय भीम' म्हणत. पलीकडून वामनराव 'राम राम' म्हणे. मग देवराव त्याला आकडा सांगत. तीस वर्षं दोघांचं बोलणं एवढंच, पण ते चुकलं की दिवस बिघडायचा.

जीपमध्ये एक पाय ठेवून देवरावांनी कुंपणावरून फाटकाची किल्ली फेकली होती. "वामन्या, झाकन काढ, बाटलीतलं पानी मोजपात्रात ओत, आकडा पाह्य, चिठ्ठीवर लिहून ठेव. कोनाले सांगू नको." वामनरावानं किल्ली झेलली. अकरा दिवस बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. बाराव्या दिवशी देवराव बायको-लेकरासह परत आले, तर उंबरठ्यावर चिठ्ठी ठेवलेली होती. त्यांनी जागरणानं सुजलेल्या डोळ्यांनी ते आकडे दोन्ही वह्यांत उतरवले, चिठ्ठी चुलीत टाकली. महिन्याभरात कायमचा हुकूम आला. त्या बाळाचं नाव सुगत ठेवलं. आज तो पुण्यात नोकरीला आहे, सहा फूट उंच.

आणि या सगळ्यात वामनरावाचे आभार मानायचे राहून गेले. आधी भीतीनं, बोललं तर फुटेल म्हणून. मग वर्षं लोटली, आणि आता बोलणं विचित्र दिसेल म्हणून. मग ते प्रमाणपत्र आलं, भिंतीवर चढलं, आणि तोंडच बंद झालं.

"अजी," मैनाबाई दारातून म्हणाल्या, "त्या पोरीले खोटं काहून सांगितलं? ते अकरा दिवस तुमी माया उशाशी बसून होते. डबा वाचला कोनं?"

"त्यानं कुठी वाचला?" देवराव उसळले. "घरी बसून ठोकले आकडे त्यानं! आठ, आठ, आठ! बावीस वर्षं मी त्याले मनातल्या मनात देव मानला, अन् यानं माया एकतीस वर्षांवर पानी फिरवलं!"

"त्याले विचारलं काय?"

"काय विचारू?"

"तेच विचारा, जे मले सांगून राह्यले. जा आता. पोरगी तीनले येते."

देवराव पायात चपला सरकवून निघाले. रस्ताभर त्यांनी मनात वामनरावाला अशी काही बोलणी सुनावली की सांगायची सोय नाही.

वामनराव हरभऱ्याच्या वावरात शेंडे खुडत बसला होता. बायको, कौशल्याबाई, गेल्यापासून तीन वर्षं तो दुपारी घरी जातच नसे. घरात बसवत नाही म्हणायचा.

"जय भीम," देवराव म्हणाले. सवयच ती. रागातही सुटली नाही.

"राम राम. आज दुपारी कसा?"

"वामन्या, खरं सांगजो. सुगतच्या वक्ती तू डबा वाचला होता का घरी बसून लिहिलं?"

वामनराव उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पाहूनच देवरावांचा अर्धा राग गळाला. माणूस दुखावला होता.

"घरी बसून? अरे, अकरा दिवस मी बरोब्बर साडेआठले उभा होतो तठी! रेडिओ लावून टाइम मिळवत होतो. मले घरी बसून लिहा लागलं असतं तर इतके वाकडेतिकडे आकडे लिहिले असते काय?"

"मंग आठ, आठ, आठ कसे?"

"पाऊस नाई आला तर आठच राहीन ना. वाढन कुठून?"

देवराव बघतच राहिले. "नाई आला तर सुन्न लिहाचं, वामन्या. बाटली रिकामी असते ना!"

"रिकामी कशी?" वामनराव तितक्याच भोळेपणानं म्हणाला. "पहिल्या दिवशी आठ निघालं. मोजलं, लिहिलं, अन् परत ओतलं बाटलीत."

"परत ओतलं?"

"मंग फेकतो काय? गोड पानी होतं ते!" वामनराव आता तावातावानं सांगू लागला. "तू म्हनला ओत, पाह्य, लिही. फेक म्हनला नाई. पुढं पुढं तर पानी इतकं झालं, का त्या काचेत एका टायमाले मावेना. तीन-तीन डाव मोजा लागे. म्हनून मी घरून स्टीलचा गडवा आनला. मोजलं का गडव्यात, मोजलं का गडव्यात, अन् सारं झालं का परत बाटलीत. एक थेंब सांडला नाई, देवराव. सरकारी पानी, वरून गोड. म्या म्हनलं, तू आला का तुले मोजून वापस देतो."

देवराव धुऱ्यावर बसले. आधी त्यांना हसू आलं. मग ते इतकं वाढलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं की कशाचं ते त्यांचं त्यांनाही कळेना. अकोल्याच्या प्रशिक्षणात साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाचलं की फेका. आणि फेकताना सुरुवातीला त्यांचाही जीव तुटला होता. आसरखेडचा कुठला माणूस गोड पाणी आपणहून फेकेल? हे सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं राहिलं कोणाकडून? जीपमध्ये पाय ठेवून उभ्या असलेल्या देवरावांकडून.

"चाल," त्यांनी वामनरावाचं मनगट धरलं. "घरी चाल माया."

प्रणाली तीनच्या आधीच आली होती आणि ओट्यावर मातीच्या पिशव्यांवर नावं लिहीत बसली होती. देवरावांनी वामनरावाला तिच्यासमोर उभं केलं. "हे वामनराव काळमेघ. सांग तिले, काय केलं ते."

वामनरावानं सांगितलं, गडव्यासकट. सांगणं संपायच्या आधीच प्रणालीनं कागदावर वजाबाकी मांडली होती. आजच्यातून कालचं वजा. आठ. शून्य. शून्य. सतरा. शून्य. अकरा. शून्य. शून्य. एकोणीस. शून्य. पाच. तिचा हात भराभर चालत होता.

"साठ!" ती ओरडलीच. "तीनशे बावन्न नाही, फक्त साठ! उघडझाप होत पडलेला पाऊस. मुगाले असाच तर लागते!"

आकडे तिनं मॉडेलमध्ये भरले. मंडळी लॅपटॉपभोवती जमली. मैनाबाई पदराला हात पुसत आल्या. पडद्यावर एक छोटं चक्र गरगरत राहिलं. वामनरावानं श्वास धरून ठेवला होता, परीक्षा त्याचीच असल्यासारखा. मग रेघ पुन्हा उमटली. खड्डा नव्हता. दोन हजार तीनचा मूग कंप्युटरातही झकास आला होता.

प्रणालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाद नाही होत आता," ती म्हणाली. "एकही वही बाद नाही होत. काकाजी, तुम्हाला माहीत आहे का, ही चूक इतकी इमानदारीची आहे की एकेक थेंब जसाच्या तसा परत मिळाला. घरी बसून लिहिलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा आवाज खाली आला. "फक्त एक आहे. सरांना लेखी द्यावं लागेल. कोणी वाचलं, कसं वाचलं, वाचणाऱ्याची सही. नुसत्या अंदाजानं वजाबाकी केली असं नको वाटायला."

तिसरी चौकट उघड्या दारातून तिथून सरळ दिसत होती. वामनरावानं ती पाहिली, मग देवरावांचा चेहरा पाहिला. तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"लिही ना पोरी, देवरावनंच परत ओतलं म्हनून," तो म्हणाला. "लेकराच्या घोरात होता गडी, चुकला अकरा दिवस. त्याचीच सही घे. माया नावाचं काय काम हाय?"

किती सोपं होतं! सही केली की वह्या वाचल्या, चौकटही वाचली. देवरावांच्या मनात ते आलं नाही असं मी सांगणार नाही. आलं. चांगलं मुक्कामाला आलं.

प्रणाली कागदावर मुद्दे लिहीत होती. "अजून एक विचारते. बाराव्या दिवशी वहीत शून्य आहे, म्हणजे बाटली रिकामी होती. मग ते साठ मिलिमीटर गेलं कुठं? आपल्या डब्याच्या तोंडाप्रमाणे सव्वा लिटर तरी पाणी होते ते."

"ते?" वामनराव देवरावांकडे वळून म्हणाला. "ते आमच्या हिनं नेलं. तू येनार म्हनून मी बाटली भरून ठेवत होतो, तर कौशल्या म्हने, देवराव काय करतीन त्याचं? मैनाचं लेकरू येऊन राह्यलं घरी. विहिरीच्या पान्यानं कवळ्या कातडीची आग आग होईन. तर तिनं गाळलं, उकळलं, अन् तांब्यात घालून अठी आनून देल्लं."

मैनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या हळूहळू खाली बसल्या.

"तो तांब्या," त्या म्हणाल्या. "अजी, तो तांब्या! फडक्यानं तोंड बांधलेला. मी म्हनलं, कौशल्या वैनी, इतकं गोड पानी कुठून आनलं? तर म्हने, वरून आलं. सुगतची पहिली आंघोय त्यानं केली मी. दोन ओंजळीत मावत होतं लेकरू, त्याले किती पानी लागते? तांब्याभर पुरलं. तो रडला नाई. पहिल्यांदा रडला नाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी तिले कधी बोललीच नाई, का तुया पान्यानं लेकरू निजलं म्हनून. आज सांगतो, उद्या सांगतो, अन् ती गेली."

वामनराव खांद्यावरच्या दुपट्ट्याशी उगाच चाळा करत राहिला.

देवराव उठले. आत गेले. आतून खिळ्यावरून काहीतरी उतरवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ती चौकट होती. ती त्यांनी प्रणालीसमोर ठेवली आणि तिच्या हातातला पेन घेतला.

"कागद दे. मी लिहितो, माया हातानं." आणि लिहायला बसले. एकतीस वर्षं आकडे लिहिलेलं ते अक्षर, सरळ, ठसठशीत. 'सदर अकरा दिवस मी कामावर हजर नव्हतो. पत्नी व मूल दवाखान्यात होते. वाचन वामनराव गोविंदराव काळमेघ यांनी रोज वेळेवर केले. पाणी फेकण्याचे मी त्यांना सांगितले नव्हते. ती चूक माझी.' खाली त्यांनी सही केली आणि कागद वामनरावाकडे सरकवला. "कर सही."

"अरे पन तुयं ते प्रमानपत्र..."

"सही कर, वामन्या."

वामनरावानं जीभ बाहेर काढून, शाळेतल्यासारखी, सावकाश सही केली. प्रणालीनं कागद जपून वहीत ठेवला. मग चौकट उचलून वाचली.

"काकाजी, हे खोटं कुठं आहे?" ती म्हणाली. "एकही दिवस खाडा नाही, असंच लिहिलं आहे ना? नाहीच पडला खाडा. डबा एकतीस वर्षं रोज वाचला गेला. फक्त एक नाव लिहायचं राहिलं."

देवरावांनी तिच्या हातून चौकट घेतली. मग त्यांनी चौकटीच्या मागचे खिळे चमच्यानं वाकवले, काच काढली, आणि 'श्री. देवराव सखाराम तायडे' या छापील ओळीपुढे, शिक्क्याला धक्का न लावता, पेनानं लिहिलं, 'व श्री. वामनराव गोविंदराव काळमेघ'.

"बावा!" वामनराव कासावीस झाला. "अकरा दिवसांसाठी मले भित्तीवर टांगतं काय? तुयं अकरा हजार दिवसांचं काम हाय ते. अन् मी त्याच आकड्यावर तीस वर्षं पेरनी केली. तू सकाळी कुंपनाशी येऊन सांगे, म्हनून माया घरात दाना आला. मी तुले कधी बोललो काय?"

"नाई बोलला. मीही नाई बोललो. दोघंही गाढव." देवरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. हा हात त्यांनी उभ्या जन्मात असा धरला नव्हता. आता थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "आज बोलतो. तुये अकरा दिवस नसते तर माये अकरा हजार नसते. तू किल्ली झेलली, म्हनून मी मायं लेकरू पाहू शकलो. तुया घरच्या पान्यानं ते न्हालं. लय उपकार झाले, वामन्या. लय उशीर केला मी सांगाले."

वामनरावानं नुसती मान हलवली, हलवतच राहिला.

चारची बस चुकली. पाचची होती. मैनाबाईंनी कौशल्यावैनीच्या नावानं रवा भाजायला घेतला. प्रणालीनं सुगतला पुण्याला फोन लावून दिला आणि देवरावांनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. जीप, किल्ली, गडवा, तांब्या. पलीकडे त्या सहा फुटी गड्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "फोन वामनकाकांना द्या."

देवरावांनी फोन वामनरावाच्या हातात दिला आणि चौकट पुन्हा खिळ्याला टांगायला आत गेले.